सत्ताविसाचे नऊ

सुपारी फुटलेली, आमंत्रणं वाटून झालेली, हॉल ठरलेला, आणि अशा लग्नाचे सत्तावीस गुण एका दुपारी नऊ झाले. मी तिथंच होतो. हातातली बशी वाकडी झाली, गरम चहा धोतरावरून पायावर गेला, आणि भाजल्याचं मला संध्याकाळी कळलं. एवढा तो धक्का.

साल सत्त्याऐंशी. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात माझं टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून नांदणीकरांचं ‘संगणक पत्रिका केंद्र’. दादा नांदणीकर म्हणजे पंचांग कोळून प्यालेला ज्योतिषी. त्यांचा मुलगा नृसिंह, नृसिंहवाडीला नवस बोलल्यावर झालेला म्हणून नाव तसं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि चार वर्षांपूर्वी मुंबईहून जुना संगणक आणून त्यात त्यानं बापाचं डोकं भरलं. म्हणजे दादा सांगत गेले, हा लिहीत गेला. धाकटी कालिंदी त्या यंत्रापुढं बसायची. गिऱ्हाइकानं जन्माचा वार, तारीख, वेळ, गाव सांगायचं, कालिंदीनं ते बडवायचं, की प्रिंटर सुरू. त्या प्रिंटरच्या हादऱ्यानं समोरच्या कासारणीच्या बांगड्या आपोआप मापाप्रमाणे लागायच्या, असं ती सांगायची. मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं मी शक्यतो सांगत नाही.

त्या जुन्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम होती सीपी/एम. पडद्यावर ती अक्षरं वाचून चहावाला ज्ञानू सहा महिने दुकानाला लाल बावट्याचं ऑफिस समजून आत येताना मूठ वर करायचा. सिस्टीम म्हणजे काय, हे नृसिंहानं मला तीनदा समजावलं. नुसतं यंत्र म्हणजे रिकामं घर. कुठली वस्तू कुठं, कुणाला आत घ्यायचं, कुणाला दारात थांबवायचं, हे बघणारा कारभारी लागतो. सिस्टीम म्हणजे तो कारभारी.

तर जुना कारभारी गरीब होता. सांगेल ते करायचा. त्याला स्वतःला ना वार कळे ना तारीख. फक्त न सांगता डिस्क बदलली की रुसायचा, आणि मग पहिल्यापासून सगळं. आता तर डिस्कच मिळेना, आणि ती फिरवणारा खण उसाच्या चरकासारखा करकरायला लागलेला. म्हणून पुण्याच्या एका विक्रेत्यानं नवं डॉसचं यंत्र आठ दिवस वापरून बघायला ठेवलं. आवडलं तर ठेवा, नाही तर मी येऊन घेऊन जातो.

नवा कारभारी टापटिपीचा. सुरू केल्याबरोबर पहिल्यांदा आजची तारीख विचारणार, मग किती वाजले ते विचारणार, मग कामाला हात लावणार. कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा.

“दादा, जुन्यावर एक पत्रिका व्हायला अकरा मिनिटं लागतात. ह्याच्यावर दोन,” नृसिंह म्हणाला.

“लग्न जन्मभराचं असतं रे. नऊ मिनिटांची घाई कुणाला आहे?” दादा म्हणाले.

“जुनं बंद पडलं तर?”

“मी बंद पडलेलो नाही अजून.”

अशी सहा दिवस जुंपली होती. सातव्या दिवशी नृसिंहानं सगळा प्रोग्राम नव्या यंत्रात बसवला आणि म्हणाला, घरचीच पत्रिका लावून बघू. घरची म्हणजे कालिंदीची. तिचं लग्न ठरलं होतं कळंब्याच्या माधवशी. हायस्कुलात भूगोल शिकवायचा. जुन्या यंत्रानं छत्तीसपैकी सत्तावीस गुण दिले होते. अठरा म्हणजे पास, सत्तावीस म्हणजे फर्स्ट क्लास. तो एक कागद न्यायला माधव चारदा दुकानात आला होता आणि चारही वेळा न्यायचा विसरला होता, यावरून तुम्ही काय ते समजा. लग्न तेरा दिवसांवर.

कालिंदीनं दोघांचे तपशील घातले. दोन मिनिटांत कागद बाहेर. तिनं वाचला, आणि नुसताच भावापुढं धरला. नृसिंहानं वाचला, दादांपुढं धरला. दादांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

“नऊ?”

माझी बशी वाकडी झाली ती इथं.

“परत घाल,” दादा म्हणाले. परत नऊ. जुन्यावर घातलं. खण करकरला, अकरा मिनिटं आम्ही चौघं भिंतीकडं बघत बसलो, आणि सत्तावीस. मग नृसिंहानं कपाटातून जुन्या चौदा जोड्या काढल्या, सगळी लग्नं होऊन गेलेली. नव्यावर दहा जोड्या जशाच्या तशा आल्या. चार बदलल्या. एक एकतीसवरून बारावर. त्यांना तर जुळं झालं होतं.

“हे दुकानाबाहेर जाता कामा नये,” दादा म्हणाले.

ते बाहेर कसं गेलं हे मला विचारू नका. मी फक्त ज्ञानूला सांगितलं, तेही कुणाला सांगू नको असं बजावून.

सकाळी बोळात रांग. ती बोळातून निघाली, अंबाबाईच्या देवळाला वळसा घालून परत बोळातच आली, त्यामुळे शेवटचा माणूस पहिल्याच्या पुढं उभा राहिला आणि आधी नंबर कुणाचा यावरून दोघांची जुंपली. नवी नवरी, जुनी नवरी, साठीची नवरी. ज्यांचं चांगलं चाललं होतं ते घाबरून आलेले, आणि ज्यांचं वाईट चाललं होतं ते मोठ्या आशेनं. उत्तरेश्वरातली चिमणाबाई नवऱ्याला मनगटाला धरून आत शिरली.

“बाळ, आमचं बी बघ की नव्यावर.”

“किती वर्षं झाली लग्नाला?” कालिंदीनं विचारलं.

“बावीस. ह्या बाबासंगं.”

बाबा म्हणजे सयाजी, शर्टाची बटणं वरखाली लावलेला. जुन्यावर तीस गुण आले. नव्यावरही तीसच.

“तीस?” चिमणाबाईचा आवाज चिरकला. “ह्याच्यासंगं तीस? परत दाब की गं, नीट दाब.”

परत तीस. सयाजीनं बावीस वर्षांत पहिल्यांदा मिशीवरून हात फिरवला. “बघ. मशीनला बी कळतंय.”

“मशीनला दे म्हनावं मग तुजी धुनी!” असं म्हणून ती जी निघाली ती चप्पल विसरून.

लोक हसले, पण ते हसू तोंडातच राहिलं, कारण दारात माई उभ्या होत्या. माधवच्या आई. कळंब्याहून बसनं आलेल्या, पदर कमरेला खोचलेला. मागं माधव, चेहरा चुन्यासारखा.

“दादा, ऐकलं ते खरं का?”

दादांनी मान हलवली. हो म्हणाले का नाही, ते मलाही कळलं नाही.

“नऊ का सत्तावीस, एक काय ते सांगा. सत्तावीस असतील तर मी अक्षता घेऊन उभी आहे. नऊ असतील तर मला एकच मुलगा आहे, दादा. तुम्ही माझ्या जागी असता तर दिला असता?”

आता नांदणीकरांची कोंडी बघा. जुनं यंत्र ठेवावं, तर अख्खा महाद्वार रोड म्हणणार की घरच्या पोरीसाठी नव्याला खोटं पाडलं. नवं घ्यावं, तर स्वतःच्या हातानं पोरीचं लग्न मोडलं. कुठला कारभारी ठेवायचा, हा प्रश्न आता मिनिटांचा राहिला नव्हता. पुण्याचा माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायचा होता.

“मला तासभर द्या,” कालिंदी म्हणाली. तिनं दार लावून घेतलं, चौदाही जोड्यांचे कागद फरशीवर पसरले आणि त्यांच्यामधून गुडघ्यावर फिरायला लागली. मी खिडकीतून बघत होतो. म्हणजे खिडकी माझ्याच बाजूला होती.

तासाभरानं ती उठली आणि दार उघडून सगळ्यांना आत घेतलं. “दादा, बदललेल्या चारही जोड्यांत एक एक जण असा आहे, जो मध्यरात्रीनंतर आणि उजाडायच्या आत जन्मलाय. माधवसुद्धा. माईंनी काय सांगितलंय? सोमवारी रात्री दोन.”

“बरं मग?”

“पंचांगात वार कधी बदलतो?”

“सूर्योदयाला. हे काय विचारणं झालं!”

“नव्या यंत्राचा बाराला बदलतो.”

नृसिंहानं कपाळावर हात मारला. जुन्या यंत्राला वार ठाऊकच नव्हता, म्हणून दादांनी सांगितला तसा त्यानं तो शिकवला होता. नव्यात तयार कॅलेंडर मिळालं, ते त्यानं तसंच घेतलं. सोमवारी रात्री दोन म्हटलं की जुनं यंत्र सोमवार मावळून आलेली रात्र धरायचं, आणि नवं धरायचं सोमवार लागून दोनच तास झालेत. मध्ये चोवीस तास. तेवढ्यात चंद्र एक नक्षत्र ओलांडून जातो.

“म्हणजे जुनंच बरोबर!” दादांनी मांडीवर थाप मारली. “उद्या त्या पुणेकराला म्हणावं, उचल तुझं खोकं.”

“थांबा,” कालिंदी म्हणाली. “हल्ली लोक दवाखान्याचा दाखला आणतात. त्यावरचा वार बाराला बदलतो. आपण चार वर्षं त्यांनाही सूर्योदयानं मोजलं.”

दादांचा हात मांडीवरच राहिला. चार वर्षं. किती लग्नं!

“माई,” कालिंदी वळली, “माधवचा सोमवार कुठला? उजाडायच्या आधीची रात्र, का मावळल्यानंतरची?”

“सोमवार म्हणजे सोमवार. मला काय ठाऊक गं! मी शुद्धीत नव्हते. सासूबाईंनी वहीत लिहून ठेवलंय, सोमवार, रात्री दोन. त्या गेल्या वर.”

“भूगोलाचा मास्तर,” नृसिंह पुटपुटला, “जपानात किती वाजले ते सांगेल. स्वतःचा सोमवार माहीत नाही.”

“आत्ता टोमणे नकोत,” माधव म्हणाला. “आई, बाळंतपण केलं कुणी?”

केलं होतं धोंडुबाईनं. म्हातारी हयात होती, राधानगरीकडं लेकीच्या घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप केली आणि आम्ही सहा जण निघालो. माझी काही गरज होती असं नाही, पण जीपमध्ये जागा होती. एका ऑपरेटिंग सिस्टीमचा निवाडा करायला सुईणीकडं निघालेली ही जगातली पहिली जीप असावी. कालिंदी बाहेर बघत होती. माधव ती बघत होती तिकडंच बघत होता.

धोंडुबाई सोप्यात तेलाचे हात करून फणसाचे गरे काढत होती. वय नव्वद का शंभर, तिलाच ठाऊक नव्हतं.

“या पावणं. बसा. कोन म्हनायचं तुमी?”

माईंनी ओळख दिली. म्हातारीनं माधवकडं निरखून बघितलं. “ह्यो व्हय! काय छळलास रं मला बाबा तू.”

दादा पुढं सरकले. “आजी, नीट आठवून सांगा. एका पोरीचं लग्न अडलंय. हा सोमवारी रात्री दोनला झाला. ती रात्र सोमवार उजाडायच्या आधीची, का नंतरची?”

“रात?” धोंडुबाईनं गरा खाली ठेवला. “कसली रात? दुपारचं तीन वाजल्यालं की!”

माईंनी माधवकडं बघितलं, माधवनं माईंकडं.

“कळंब्याच्या जेलातलं टोल मी मोजलं. एक, दोन, आन तिसऱ्याला ह्यो बोंबलला. तवापास्नं टोल ऐकला की माजं हात तेल हुडकत्यात.”

“मग रात्री दोन कुणी सांगितलं?” माईंचा आवाज मला वेगळाच वाटला.

“तुज्या सासूनं, कोन सांगनार? मूळ लागलं व्हतं न्हवं! मुळावरचं प्वार बापानं सत्तावीस दिस बघायचं न्हाय. आन तुजा नवरा कट्ट्यावर उड्या मारतोय, प्वार झालं की आदी मला दावा, आदी मला दावा. सासू म्हनली, ह्यो कसला थांबतोय? टांगा केला आन गेली कोल्लापुरात, म्हाद्वारावर, पंचांगवाल्याकडं. त्येनं सांगितलं, मूळ रात्री एकला सुटतंय. झालं. म्हातारीनं दोन धरलं, वर एक तास जादा. आल्यावर मला म्हनली, धोंडे, प्वार अजून झालंच न्हाय असं समज.”

“अहो, पण बाहेर ह्यांना कळलं नाही?”

“कसं कळंल? तू निपचित पडल्याली. पोराच्या तोंडात मधाचं बोट. आन कन्हायला मी. अकरा तास तुज्या नावानं मी कन्हत बसली. सवताच्या पाच बाळंतपनांत मिळून एवढी कन्हली न्हाय गं मी!”

माई भिंतीला टेकून खाली बसल्या. सव्वीस वर्षं ज्या रात्री दोनला त्यांनी मुलाला औक्षण केलं, ते सगळं हवेत. माधव स्वतःच्या हातांकडं बघत होता, जणू तेही कुणी खोटेच लावले असतील.

“पंचांगवाला कोण?” नृसिंहानं विचारलं.

“नाव कुटलं ध्यानात ऱ्हातंय? म्हातारी म्हनली, तरनाच हाय, नाकावर चामखीळ हाय, ह्या अंगाला.”

आम्ही सगळे दादांकडं वळलो. दादांचा हात नाकाकडं गेला होता.

“मी... मी फक्त मूळ कधी संपतं ते सांगितलं,” ते म्हणाले. “एका बाईनं विचारलं, मी सांगितलं. लोक विचारतातच. मला काय माहीत तिच्या घरात पोर लपवलंय!” मग बोटांवर काहीतरी मोजायला लागले. कोल्हापुरात असं किती जणांनी विचारलं असेल, हे बहुतेक त्यांच्या डोक्यात आलं असावं. माझ्या तर आलंच.

परतीच्या वाटेवर अर्धं अंतर गेल्यावर दादा बोलले.

“नृसिंहा, नवं घे.”

“काय?” नृसिंहानं ब्रेक मारल्यासारखं तोंड केलं. जीप तो चालवत नव्हता म्हणून बरं.

“नवं घे. सूर्योदयाचं दुरुस्त कर, दवाखान्याचं वेगळं विचारायला लाव. आणि त्यात जागा पुष्कळ आहे म्हणतोस ना? मग आणखी एक प्रश्न घाल. वेळ कुणी सांगितली? आईनं का सासूनं?”

दुकानात आलो तेव्हा पुण्याचा माणूस पायरीवर बसलेला. त्याला ज्ञानूच्या ताब्यात दिलं आणि दार लावलं. कालिंदी नव्या यंत्रापुढं बसली. सोमवार, दुपारी तीन. भरदिवसाची वेळ, बाराचा वार घ्या नाहीतर सूर्योदयाचा, फरक पडायचं कारण नाही. तरी दादा म्हणाले, दोन्हींवर लाव. नव्याची दोन मिनिटं झाली. जुन्याची अकरा. दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी आले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा दोन्ही कारभाऱ्यांचं एकमत झालं.

साडेसतरा.

अठराला पास. अर्धा कमी.

नृसिंहानं खुर्ची ओढली आणि तिच्यावर न बसता तिच्याशेजारीच उभा राहिला. माधवनं कागद हातात घेतला, उलटा करून मागं काही आहे का तेही बघितलं. दादांचे ओठ हलत होते. आकडे पुन्हा जुळवत होते मनातल्या मनात, आणि चेहऱ्यावरून कळत होतं की तेही साडेसतरापाशीच येऊन थांबतायत.

“काही शांत वगैरे करून...” मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

कालिंदी उठली. “माई, हे खरं आहे. ह्यात आता कुणाचं काही लपलेलं नाही. मला माधवशी लग्न करायचंय, हे मी तुम्हाला आधी बोलले नव्हते, कारण सत्तावीस होते. गरज नव्हती. आज बोलतेय. आता तुम्ही नाही म्हणालात तर मी आकड्याला दोष देणार नाही.”

दादा पोरीकडं बघतच राहिले. हे असलं बोलणं त्या दुकानात पूर्वी झालेलं नव्हतं.

माई कागदाकडं बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली ती माधवकडं नाही, कालिंदीकडं नाही, दादांकडं.

“दादा, ह्याच्या बापानं मुळावरच्या पोराचं तोंड त्याच रात्री बघितलं. सत्तावीस दिवस नाही, एक दिवस नाही. काय झालं त्यांना? परवा पंगतीत अठरा पुरणपोळ्या खाऊन उठले, आणि घरी येऊन विचारतात, रात्री जेवायला काय?”

“माई, ग्रहांचं असं नसतं...”

“माझ्या सासूनं अकरा तास चोरले. भर दुपारी. तुमच्याकडून वेळ विचारून घेऊन,” माई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला आणि बाहेरची रांग दाराला कान लावून उभी राहिली. “अकरा तास! आणि मला अर्धा गुण चोरता येणार नाही? द्या ते पेन.”

दादांनी खिशातून पेन काढून दिलं. टोपणही त्यांनीच उघडून दिलं. माईंनी साडेसतरावर एक रेघ मारली आणि वर लिहायला लागल्या. कागद सरकत होता. दादांनी पुढं वाकून दोन्ही हातांनी कागद घट्ट धरला, एक नीट दिसावा, आठ नीट दिसावा म्हणून.